उजेड किती, अंतर किती

निपाणीहून देवगडकडे जाणारा रस्ता मुदाळ तिट्ट्यावरून राधानगरी गाठतो आणि दाजीपूरच्या जंगलातून फोंडा घाट उतरतो. सकाळी निपाणीजवळ तंबाखूच्या आणि शाळूच्या रानांवर लख्ख ऊन असतं. त्याच दिवशी दाजीपूरच्या दाट झाडीत शिरलं, की भर दुपारीही शटरचा वेग वाढवता येत नाही. बेळगावातून निघालं तरी तेच. महामार्गाने संकेश्वरकडे गेलं की आभाळ मोकळं होत जातं; जांबोटीचा रस्ता धरून कणकुंबी आणि चोर्ला घाटाकडे वळलं की ते झाडांमागे जातं. आंबोलीत वर्षाला सातशे सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बेळगाव शहरात सव्वाशेच्या आसपास, आणि गोकाककडे जेमतेम पन्नास-साठ. आंबोली ते गोकाक हे अंतर सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही.

कॅमेऱ्यावरच्या लेखाची सुरुवात पावसाने करण्याचं कारण आहे. क्रॉप सेन्सर घ्यायचा की फुल फ्रेम, हा प्रश्न या पट्ट्यात हौशी छायाचित्रकारांच्या दोन-चार टाळक्यांत निघाला की हमखास पेटतो. त्याची उत्तरं मात्र मुंबई-बंगळूरच्या दुकानांतून किंवा परदेशी तज्ज्ञांच्या व्हिडिओंतून आयती घेतलेली असतात. ‘फुल फ्रेमशिवाय खरा फोटो येत नाही’ हे त्यातलं सगळ्यात लाडकं वाक्य. माझं म्हणणं असं, की बेळगाव-निपाणीच्या माणसाला हे उत्तर उसनं घ्यायची गरजच नाही. आपण कुठल्या बाजूला फोटो काढतो, पूर्वेच्या उघड्या रानात की पश्चिमेच्या ओल्या जंगलात, यावर ते जवळपास ठरतं. प्राणी किती लांब आणि उजेड किती, हे दोन प्रश्न आधी सुटले पाहिजेत. सेन्सरची पाळी त्यानंतर.

हा प्रश्न विचारणारी माणसं कोण, तेही पाहण्यासारखं आहे. शाळामास्तर आहेत, बँकेतले आहेत, डॉक्टर आहेत, शेती सांभाळणारी तरुण पोरं आहेत. पण सर्वांत मोठा गट लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचा. तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांचा हंगाम सुरू होतो आणि नेमके त्याच सुमारास उत्तरेचे पाहुणे पक्षी तळ्यांवर उतरू लागतात. म्हणजे शनिवारी मंगल कार्यालयात अक्षता टिपणारा कॅमेरा रविवारी पहाटे गोकाककडच्या धुपदाळ जलाशयाच्या काठावर असतो. हा कॅमेरा बहुधा चोवीस मेगापिक्सेलचा फुल फ्रेम, कारण कार्यालयातल्या पिवळट उजेडात तोच निभावून नेतो. सोबत ७०-२०० ची लेन्स. पाण्यापलीकडचा करकोचा तिच्यात ठिपक्याएवढा येतो आणि मालक बुचकळ्यात पडतो, की एवढा महाग कॅमेरा असून हे असं का?

सेन्सरचं गणित तसं सोपं आहे. फुल फ्रेम म्हणजे ३६ × २४ मिलिमीटर. क्रॉप म्हणजे निकॉन, सोनी, फुजीच्या कॅमेऱ्यांत साधारण २३.५ × १५.६, आणि कॅननमध्ये त्याहून थोडा लहान, २२.३ × १४.९. क्षेत्रफळ काढलं तर फुल फ्रेम क्रॉपच्या सव्वादोन ते अडीच पट भरतो. या ३६ × २४ मापात निसर्गनियम वगैरे काही नाही. चित्रपटाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी वापरायची कल्पना ऑस्कर बार्नाकने जर्मनीत लढवली, १९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला आणि ते माप रूढ झालं. डिजिटल युग सुरू झालं तेव्हा एवढा मोठा सेन्सर बनवणं भलतंच महाग होतं. निकॉनचा डी१ १९९९ मध्ये आला तो क्रॉप सेन्सर घेऊनच. निकॉनचा पहिला फुल फ्रेम, डी३, यायला २००७ उजाडलं. मधल्या काळात कॅननचा ३००डी आणि निकॉनचा डी७० असे मध्यमवर्गाच्या आवाक्यातले कॅमेरे आले, तेही क्रॉपच. लहान गावांतल्या माणसांनी वन्यजीवांचे फोटो काढायला सुरुवात केली ती बहुतांशी या कॅमेऱ्यांवर, हे फुल फ्रेमचा टेंभा मिरवणाऱ्यांनी विसरू नये.

आता मुख्य गैरसमजाकडे येऊ. ‘क्रॉपवर ५०० ची लेन्स ७५० होते’ असं सर्रास म्हणतात. लेन्स ५०० चीच राहते. जत्रेतल्या टूरिंग टॉकीजमध्ये प्रोजेक्टर तिथेच ठेवून पडदा लहान लावला, तर नटाचं डोकं मोठं होत नाही, कडेचं दृश्य तेवढं पडद्याबाहेर जातं. तसंच हे. पक्ष्याची सेन्सरवर पडणारी प्रतिमा लेन्स आणि अंतर या दोनच गोष्टींवर ठरते. फरक पडतो तो त्या प्रतिमेवर किती पिक्सेल दाटीने बसले आहेत याचा.

उदाहरण घेऊ. निपाणीच्या जवाहर तलावासारख्या जागी पंचवीस मीटरवर खंड्या बसला आहे. चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण अठ्ठावीस सेंटिमीटर. ५०० मिलिमीटरच्या लेन्समधून सेन्सरवर त्याची प्रतिमा पडेल ५.६ मिलिमीटरची, कॅमेरा कुठलाही असो. निकॉन डी५०० किंवा झेड५० मार्क दोन यांसारख्या एकवीस मेगापिक्सेलच्या क्रॉपमध्ये पिक्सेलची रुंदी सुमारे ४.२ मायक्रॉन असते, म्हणजे खंड्याच्या लांबीला तेराशेहून थोडे जास्त पिक्सेल मिळाले. लग्नवाल्यांच्या चोवीस मेगापिक्सेलच्या फुल फ्रेममध्ये पिक्सेल सहा मायक्रॉनचा. मिळाले सव्वानऊशेच्या आसपास. क्षेत्रफळाच्या हिशेबात क्रॉपवाल्याच्या हाती दुप्पट तपशील आला, आणि कॅमेऱ्याची किंमत कमी. कॅननच्या साडेबत्तीस मेगापिक्सेलच्या आर७ मध्ये पिक्सेल आणखी बारीक, तिथे आकडा साडेसतराशेवर जातो. निकॉन डी८५०, झेड८ किंवा कॅनन आर५ यांसारखे पंचेचाळीस मेगापिक्सेलचे फुल फ्रेम क्रॉपची जवळजवळ बरोबरी करतात, कारण त्यांच्या पोटात एकोणीस-सतरा मेगापिक्सेलचा क्रॉप कॅमेरा दडलेलाच असतो. त्यासाठी मोजावे लागणारे पैसे मात्र वेगळ्याच पातळीवरचे.

तपशील म्हणजे नुसती हौस, असं कोणाला वाटत असेल तर त्याने हिवाळ्यात निपाणी-चिकोडीकडच्या उघड्या माळावर भोवत्या पाहावा. भोवत्या हा शिकारी पक्षी शाळूच्या शेंड्यांवरून, गवतावरून, जमिनीलगत तरंगत जातो आणि मध्येच अंग टाकून उंदीर-टोळ उचलतो. पॅलिड आणि माँटेग्यू या दोन जातींचे भोवत्ये दख्खनच्या रानांत हिवाळा काढतात. त्यांच्या माद्या आणि पिल्लं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती, की भलेभले पक्षिमित्र फसतात. ओळख पटवायची ती चेहऱ्यावरून: पॅलिडच्या कानामागे फिकट कॉलर आणि तिच्यामागे गडद मान, माँटेग्यूत ती कॉलर स्पष्ट नसते. डोकं असतं पाचेक सेंटिमीटरचं. ऐंशी मीटरवरून ५०० च्या लेन्सने ते सेन्सरवर पडतं जेमतेम ०.३ मिलिमीटर. क्रॉपमध्ये त्याला सत्तरच्या वर पिक्सेल, चोवीस मेगापिक्सेलच्या फुल फ्रेममध्ये पन्नासच्या आसपास, आर७ मध्ये शंभराच्या जवळ. नोंद ‘भोवत्या, जात अनिश्चित’ अशी राहणार की नावासकट होणार, हे या वीस-पंचवीस पिक्सेलांवर अडू शकतं. शिवाय त्या रानात हिवाळ्याच्या सकाळी उजेडाची ददात नाही. शटर दोन हजारांश सेकंद, छिद्र एफ ६.३, आयएसओ चारशे, एवढ्यात काम भागतं. चारशे आयएसओला दोन्ही सेन्सर सारखेच स्वच्छ दिसतात. तिथे फुल फ्रेमची खरी ताकद वापरलीच जात नाही.

गोकाक तालुक्यात धुपदाळच्या बंधाऱ्यामागे जो जलाशय आहे, त्या परिसरात घटप्रभा पक्षी अभयारण्य १९७४ पासून आहे. कांड्या करकोच्यांसाठी ते ओळखलं जातं. तिथेही अंतरच मुख्य. पक्षी बेटांवर आणि पाण्यापलीकडे, आपण काठावर. दीडशे मीटरवरच्या मीटरभर उंचीच्या चित्रबलाकाची प्रतिमा ५०० च्या लेन्सनेही साडेतीन मिलिमीटरपेक्षा लहान पडते. अशा ठिकाणी फुल फ्रेमवाला घरी जाऊन फोटो कापतो, म्हणजे त्याचा क्रॉपच करतो, आणि मोठ्या सेन्सरचा उजेडाचा फायदा कापलेल्या भागाबरोबर टाकून देतो. हे वाक्य फार जणांना रुचत नाही, पण भौतिकशास्त्र इतकं सरळ आहे. मोठा सेन्सर जास्त प्रकाश गोळा करतो तो संपूर्ण चौकट भरली तरच.

पण पश्चिमेकडे वळलं की हिशेब पालटतो.

खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. म्हादई उगम पावते ती याच डोंगररांगेत. इथलं सदाहरित जंगल आतून पाहिलेल्या माणसाला कॅमेरा का हतबल होतो ते सांगावं लागत नाही. मलबारी कर्णा आठ-दहा मीटरवर बसलेला असतो, पोटाचा लाल रंग डोळ्यांना दिसतो, आणि कॅमेरा म्हणतो शटर एकशेपंचविसांश, छिद्र ५.६, आयएसओ सहा हजार चारशे. इथे अंतराची अडचण नाही, पाखरू चौकट भरतं. अडचण उजेडाची. सेन्सरवर पडणारे प्रकाशकण मोजके असले की त्यांच्या संख्येतला स्वाभाविक चढउतार दाणेदार होऊन फोटोत उतरतो. हा दोष कंपनीने सेन्सर वाईट बनवल्यामुळे येत नाही, प्रकाशाचा स्वभावच तसा आहे. त्यावर इलाज एकच: जास्त प्रकाश गोळा करणं. चौकट दोन्हीकडे सारखीच भरली असेल तर फुल फ्रेम सव्वादोन पट प्रकाश गोळा करतो, आणि सहा हजार चारशेचा त्याचा फोटो क्रॉपच्या अठ्ठावीसशेच्या आसपासच्या फोटोसारखा दिसतो. कर्ण्याच्या छातीवरची पांढरी पट्टी आणि तिच्यावरचं काळं डोकं यांच्यामधली सीमा कापून काढल्यासारखी दिसणार की चिवड्यासारखी, हे इथे ठरतं.

दाजीपूरचा गवाही फुल फ्रेमच्या बाजूने साक्ष देतो. १९५८ मध्ये हे अभयारण्य झालं ते गव्यांच्या नावानेच. पूर्ण वाढलेला नर नाकापासून पुठ्ठ्यापर्यंत पावणेतीन मीटरच्या आसपास भरतो. तीस मीटरवर तो आडवा उभा राहिला आणि हातात ३०० मिलिमीटरची एकेरी लेन्स असली, तर प्रतिमा पडते सत्तावीस मिलिमीटरची. फुल फ्रेमच्या छत्तीसमध्ये ती झाडीसकट मावते. क्रॉपच्या साडेतेवीसमध्ये नाक तरी जाईल नाहीतर पुठ्ठा. आणि मला स्वतःला गव्याचा फोटो झाडीसकटच आवडतो. कारवीच्या हिरव्या अंधारातून पांढरे मोजे घातलेले पाय तेवढे आधी दिसतात आणि मग बाकीचा डोंगर आकार घेतो, ते दृश्य घट्ट कापलेल्या मुंडक्यात कसं येणार?

मग खानापूर, चंदगड, राधानगरीकडच्या माणसाने डोळे झाकून फुल फ्रेम घ्यावा का? इथे एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. क्रॉप आणि फुल फ्रेम यांच्यातलं प्रकाशाचं अंतर साधारण सव्वा स्टॉपचं आहे. एफ ६.३ ची झूम आणि एफ ४ ची एकेरी लेन्स यांच्यातलं अंतरही जवळपास तेवढंच. म्हणजे क्रॉप कॅमेऱ्यावर एफ ४ ची लेन्स लावणारा आणि फुल फ्रेमवर एफ ६.३ ची झूम लावणारा, दोघं एकाच ठिकाणी येऊन पोचतात. निकॉनची ३०० मिलिमीटर एफ ४ पीएफ ही २०१५ ची लेन्स अवघी पाऊण किलोची आहे. २००-५०० ची झूम सव्वादोन किलोच्या वर, सोनीची २००-६०० दोन किलोच्या वर. जांबोटीच्या पुढे चिखलात पायी फिरणाऱ्याला, गळ्यात जळवा आणि पाठीवर पाणी घेऊन चढणाऱ्याला, हा दीड किलोचा फरक संध्याकाळी चारला कळतो. हात थरथरला की सेन्सर कितीही मोठा असून उपयोग नाही.

आंबोलीचं प्रकरण तर या वादातून सुटलेलंच आहे. पावसाळ्यात बेळगावचे निम्मे कॅमेरे तिकडे असतात. रात्रीच्या अंधारात, पावसात, पानावर बसलेला मलबारी उडता बेडूक, बांबूवरचा मलबारी चापडा साप, आणि कातळसड्यावरचा आंबोली टोड, ज्याचं शास्त्रीय वर्णन २००९ मध्ये झालं आणि ज्याचा जगातला वावर अगदी चिमूटभर जागेपुरता आहे. इथे फोटो फ्लॅशवर निघतो, म्हणजे उजेड आपण सोबत नेतो. फुल फ्रेमचा फायदा संपला. उलट बेडकाच्या डोळ्यापासून बोटांच्या पडद्यापर्यंत सगळं स्पष्ट हवं असतं आणि तेवढीच चौकट, तेवढंच छिद्र ठेवलं तर क्रॉपमध्ये स्पष्टतेची खोली जास्त मिळते. आंबोलीसाठी म्हणून कोणी फुल फ्रेम घेत असेल तर त्याने तो पैसा चांगल्या डिफ्यूझरवर आणि रेनकोटवर घालावा. आणि टोडच्या सड्यावर पाऊल टाकताना आधी टॉर्च खाली मारावा. बेडूक उचलून ‘चांगल्या’ पानावर बसवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचे फोटो कितीही सुबक असले तरी मला ते बघवत नाहीत.

गेल्या काही वर्षांत दोन गोष्टींनी या वादाची धारच बोथट केली आहे. एक, दाणे काढणारी सॉफ्टवेअर. २०२३ मध्ये लाइटरूममध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं डीनॉइज आलं, त्याआधीपासून टोपाझ आणि डीएक्सओ होतेच. सहा हजार चारशेचा क्रॉपचा फोटो त्यांतून काढला तर छापण्याजोगा होतो. पण ही सॉफ्टवेअर जिथे पिसं दिसत नाहीत तिथे पिसं कल्पून भरतात, आणि भोवत्याच्या ओळखीसारख्या कामात अशी कल्पित पिसं म्हणजे खोटा पुरावा. दुसरी गोष्ट, पक्ष्याचा डोळा हेरून त्यावर फोकस धरून ठेवणारी यंत्रणा. उडत्या पक्ष्यांच्या फोटोत आज सेन्सरच्या आकारापेक्षा तिचा वाटा मोठा आहे, आणि ती आता स्वस्त क्रॉप कॅमेऱ्यांतही आली आहे. एक खबरदारी: काही क्रॉप मॉडेलांचा सेन्सर सावकाश वाचला जातो, मग इलेक्ट्रॉनिक शटरवर उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे उमटतात. तिथे यांत्रिक शटरच वापरावं.

जुना कॅमेरा घेणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण सीमाभागात अर्धा व्यवहार जुन्यावर चालतो. डी५०० चं उत्पादन थांबलं आहे, तरी उघड्या रानासाठी त्याच्याइतका भरवशाचा जुना क्रॉप कॅमेरा आजही शोधून सापडत नाही. लग्नातून निवृत्त झालेला फुल फ्रेम स्वस्तात मिळतो, पण त्याचं शटर किती वेळा उघडझाप झालं ते आधी तपासा. अशा कॅमेऱ्यांची शटरं साधारण दोन लाखांपर्यंत कंपन्यांनी तपासलेली असतात आणि हंगामात एकेका लग्नात हजारोंनी फोटो निघतात. लेन्स टॉर्चसमोर धरून आरपार पाहा. जून ते सप्टेंबर या भागातली हवा इतकी ओली असते, की कपाटात ठेवलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा ही चैन नव्हे.

जंगलाचा कायदाही या निवडीत येतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ प्रमाणे अभयारण्यात छायाचित्रणासाठी जायला परवाना लागतो. आपल्याकडे तर भीमगड कर्नाटकात, दाजीपूर महाराष्ट्रात, म्हादई अभयारण्य गोव्यात; एकाच डोंगररांगेला तीन खात्यांचे दरवाजे. परवाना मिळाला तरी जवळ जायची मुभा त्यात नसते. भीमगडच्या जंगलात तळेवाडीजवळ असलेल्या बारापेडे गुहेतल्या राउटनच्या वटवाघळाचं वर्णन ओल्डफिल्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये केलं, आणि अनेक दशकं जगाला त्याचा एवढाच पत्ता माहीत होता. पुढे मेघालयात आणि कंबोडियात ते आढळलं. त्या गुहेच्या तोंडाशी कॅमेरा नेण्याचा मोह सेन्सर कुठलाही असो, आवरलाच पाहिजे. क्रॉपच्या बाजूने मला सर्वांत पटणारा मुद्दा खरं तर हाच आहे: तो लांबून काम करू देतो. मोठ्या सेन्सरची चौकट भरायच्या हट्टापायी घरट्याजवळ सरकणारा माणूस स्वतःला कलावंत म्हणवतो, पण अंडी थंड पडतात ती त्याच्यामुळे.

तर निपाणी, चिकोडी, हुक्केरी, गोकाककडच्या माणसाने निर्धास्त क्रॉप घ्यावा आणि वाचलेला पैसा ५००-६०० पर्यंत जाणाऱ्या लेन्समध्ये घालावा. खानापूर-चंदगड-राधानगरीच्या झाडीत रमणाऱ्याने फुल फ्रेमचा विचार करावा, किंवा क्रॉपच ठेवून एफ ४ ची लेन्स घ्यावी. माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. दोन्हीकडे फिरणाऱ्या आणि खिशात बळ असणाऱ्याने पंचेचाळीस मेगापिक्सेलचा फुल फ्रेम घेऊन वाद मिटवावा.

आणि हे सगळं माझ्या शब्दावर मानू नये. मित्राचा दुसऱ्या प्रकारचा कॅमेरा एका रविवारपुरता मागून घ्यावा, लेन्स एकच ठेवावी. सकाळी तलावाच्या काठी एकाच दगडावरच्या एकाच खंड्याचे दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो घ्यावेत, दुपारनंतर जांबोटीच्या पुढे झाडीच्या सावलीत तोच प्रयोग पुन्हा करावा. घरी आल्यावर चारही फोटो पूर्ण आकारात उघडावेत, डोळ्याभोवतीची पिसं पाहावीत, आणि पैसे मोजायला दुकानात जावं ते त्यानंतर.